चार सायकलींसाठी ३६,०००ची शेड?

प्रश्न : आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो. चार सायकली (यादी सोबत दिली आहे) खाली पार्किंगमध्ये केबल लॉक लावून असतात. परवा शेजारच्या विंगमधली एक चोरीला गेली. कुलूपबंद पत्र्याच्या शेडचे ३६,००० सांगितलेत, क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत. करून घेऊ का?

उत्तर : नको. तुमच्या यादीप्रमाणे चारही सायकली मिळून ७२,०००च्या, त्यातले ४२,००० एकट्या गिअरवालीचे. मुलांच्या २० आणि २४ इंची सायकली दोन-तीन वर्षांत लहान पडतील. खरी जोखीम एकाच सायकलीची आहे.

१५ टक्क्यांनी हप्ता ३,२४९ रुपये. व्याज जवळपास ३,०००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय जागा सोसायटीची. लेखी परवानगी नसेल तर उद्या शेड काढायला लावतील आणि पत्रा भंगारात जाईल.

गिअरवाली वर आणा, बाल्कनीच्या भिंतीला टांगा. हुक घेण्याआधी एक भोक पाडून भुकटी बघा. लाल असेल तर वीट. बोल्ट विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात घेतला की हलायला लागतो. पांढरी, मऊ भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ब्लॉक). त्यात साधा अँकर बोल्ट ब्लॉक चुरडून सैल होतो, म्हणून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा. पावसाचे झोत येत असतील तर वरून कव्हर हवंच, नाहीतर चेन गंजते.

बाकीच्या तीन खालीच राहू द्या, पण केबल लॉक बदला. जाड दिसते ते वरचं प्लास्टिक. आतल्या बारीक तारा साध्या कटरने तुटतात. कडक पोलादाची १० मिमी साखळी तिन्ही फ्रेममधून ओवून पक्क्या रेलिंगला बांधा. नुसत्या चाकातून ओवली तर चोर चाक सोडून सायकल नेतो. साखळी आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नका; फरशीवर ठेवून घाव घालणं सोपं जातं. हे सगळं पाचेक हजारांत बसावं.

विम्यावर विसंबू नका. १ एप्रिल २०२१पासूनच्या प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विमा पॉलिसीत नुसती चोरी धरलेली नाही. आग, पूर अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेलीच चोरी चालते. घरफोडीचं वेगळं कव्हर घेतलंत तरी ते बहुधा कुलूप-दार फोडून आत शिरल्यावरच लागू होतं. उघड्या पार्किंगचं काय, हे कंपनीकडून लेखी घ्या.

हप्ता भरायची तयारी होतीच, तर चार महिने तेवढेच पैसे बचत खात्यात बाजूला टाका. १३,०००च्या आसपास जमतील. खालची एखादी गेलीच तर नवी घेता येईल. आणि आजच चारही सायकली उलट्या करून पेडलच्या खालचा फ्रेम नंबर मोबाइलवर टिपा, बिलासोबत जपून ठेवा. तक्रार नोंदवताना तो लागेल.