खोताची वाडी बघितली, तसं अजून काही मुंबईत उरलंय का? – माथारपाखाडीला जा

उरलंय. माझगावची माथारपाखाडी, खोताच्या वाडीसारखीच जुन्या लाकडी घरांची गल्ली. हार्बर लोकलने डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. गिरगावातल्या खोताच्या वाडीचे फोटो सगळीकडे दिसतात पण हिचं नाव माझगावच्या बाहेर फार कुणाला माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, आणि 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी हे नाव घेतलं. जुन्या माणसांची मराठी ऐकायला मिळाली तर जरूर ऐका, आपल्यापेक्षा वेगळी आहे पण कळते.

गल्ली अरुंद आहे आणि बघायचं ते सगळं वरच्या बाजूला, लाकडी गॅलऱ्या, कौलारू छपरं, छपराच्या कडेला कोरीव लाकडी झालर, आणि मला सगळ्यात आवडतात ते बाहेरून वर जाणारे जिने, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड खालच्यांच्या घरात पाय न ठेवता ये-जा करू शकतं, आणि जिन्यात बसून गल्लीशी गप्पाही होतात. आजूबाजूला टॉवर आहेत, तरी आत आलं की रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो. घरं टिकवणं मात्र महाग काम आहे, लाकूड, कौलं, चांगला सुतार, त्यात एका घराचे वारस अनेक, मग बिल्डरला हो म्हणणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? तरीही जे लोक दुरुस्ती करत राहतायत त्यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे.

काका बॅप्टिस्टा इथलेच, 1864 चा जन्म. टिळकांचे सहकारी बॅरिस्टर, स्वराज्य मागणाऱ्या टिळकांच्या 1916 च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. शाळेत टिळक शिकलो पण हे नाव आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

कामाच्या दिवशी सकाळी जा, दोघं-तिघंच जा. लोक तिथे राहतात, तेव्हा खिडकीत कॅमेरा घालू नका, गॅलरीत कुणी असेल तर आधी विचारा, बहुतेकदा स्वतःहून बोलतात. नंतर वेळ असेल तर भंडारवाडा टेकडीवर चढा, तिथल्या बागेला बॅप्टिस्टांचंच नाव आहे आणि वरून गोदी दिसते.