बॉनेट नंतर, आधी डिकी उघडा

तुम्ही विचारलंय : "जर्मनीत राहतो, दोन मुलं आहेत. २००८ ची बीएमडब्ल्यू एम५ टूरिंग बघितलीय, १,४०,००० किलोमीटर झालेली. यात नेमकं काय काय बिघडतं? घ्यावी का? पुढेमागे भारतात नेता येईल का?"

इंजिनाचं सांगतोच, पण गाडी बघायला गेलात की आधी डिकी उघडा. व्ही१० इंजिनाची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे विकणारा त्याची उत्तरं तयार ठेवून बसलेला असतो. डिकीची तयारी सहसा कुणी करत नाही. ही बीएमडब्ल्यूच्या ई६१ मालिकेतली इस्टेट, म्हणजे छत मागपर्यंत लांबवलेली, मोठ्या डिकीची गाडी. हिच्या मागच्या दाराची काच वेगळी उघडते, आणि दाराकडे जाणाऱ्या वायरी बिजागरापाशी वर्षानुवर्षं दुमडून तुटतात. त्यामुळे दुखणंही विचित्र दिसतं : काच उघडत नाही, मागचा वायपर मधेच झोपतो, नंबरप्लेटचा दिवा जातो, कधी कुलूपच लागत नाही. काच दहा वेळा उघडबंद करा, मग पूर्ण दार. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

मग डिकीतला गालिचा उचला आणि खालच्या खोलगट भागात हात घाला. छताला मोठी काच असेल तर तिचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात, आणि पाणी उतरतं थेट या भागात. इथे आणि बाजूच्या कप्प्यांत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बसवलेले आहेत. बोटांना ओल लागली, हिरवट गंज दिसला किंवा कुबट वास आला, तर पुढचं बघायची घाई करू नका.

मी हे पोळून शिकलोय. माझी पहिली इस्टेट वेगळीच होती (कंपनीचं नाव नको). मुलाच्या क्रिकेटच्या किटबॅगचा तळ दर रविवारी ओला निघायचा. महिनाभर आम्ही पाण्याच्या बाटलीला दोष दिला. शेवटी गालिचा उचलला तर खाली वाटीभर पाणी आणि त्यात कधीचा हरवलेला ग्लोव्हचा जोड. ज्याच्याकडून घेतली तो डीलर म्हणाला, "तुमचा कुत्रा ओला असेल." आमच्याकडे कुत्रा नव्हता.

आता बॉनेट. पाच लिटर, दहा सिलिंडर, ५०७ अश्वशक्ती, ८,२५० आरपीएमपर्यंत पळणारं इंजिन. आवाज ऐकलात की अक्कल गहाण पडते, म्हणून यादी घरूनच न्या असं मी सांगतो. सगळ्यात महागडी भीती कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची. ती झिजतात, आणि खडखड ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मग क्रँकशाफ्टही जातो. म्हणून जाणकार मालक ती बिघडायची वाट न बघता बदलून घेतात. एक लाख चाळीस हजारावर "बदलली आहेत" असं तोंडी ऐकून मान डोलावू नका. बिल हवं, त्यावर किलोमीटर हवेत, जुन्या बेअरिंगचे फोटो असले तर सोन्याहून पिवळं. इंजिनाचं तेल १०डब्ल्यू-६० या जाडीचंच घातलंय ना, किती अंतराने बदललंय, तेही त्याच फाइलमध्ये शोधा.

गाडी थंड असतानाच बघायची, हे फोनवरच ठरवून घ्या. तुम्ही पोचायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं असेल तर तेवढ्यावरच शंका घ्यावी. शिवाय या गाडीत एक छान सोय आहे : तेल थंड असताना आरपीएमच्या तबकडीवरची धोक्याची पट्टी खाली उतरलेली असते, आणि तेल तापेल तशी वर सरकते. मालकालाच आधी चालवू द्या, तुम्ही शेजारी बसून फक्त ती तबकडी बघा. पट्टी खाली असताना तो गाडी ताणत असेल, तर आजवर त्याने काय केलंय ते तुम्हाला कळलं.

बाकीची दुखणी भराभर. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा) उघडणारे दोन अॅक्च्युएटर, म्हणजे छोट्या मोटरी, जातात. मग गाडी अचानक ताकद काढून घेते. व्हॅनॉसच्या (झडपा कधी उघडायच्या ते बदलणारी यंत्रणा) उच्च दाबाच्या तेलाच्या भागात गळती होते. सात गिअरची एसएमजी पेटी (क्लचचं पेडल नसलेली, क्लच स्वतःच दाबणारी) हायड्रॉलिक पंपावर चालते, तो पंप आणि क्लच दोन्ही खिसा हलका करणारे. चढावर रिव्हर्स घेऊन बघा, जळका वास येतो का. मागच्या बाजूला हवेचे फुगे आहेत, त्यांचं रबर कालांतराने चिरतं. म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बघा, मागून बसलेली दिसली तर कारण तेच.

कर मात्र वाटतो तेवढा नाही. या वयाच्या पेट्रोल गाडीला इंजिनाच्या आकारावर लागतो, दर १०० सीसीला ६.७५ युरो, म्हणजे वर्षाला ३३७.५० युरो. तेवढे पैसे पेट्रोलपंपावर कधी गेले ते कळणारही नाही. टाकी ७० लिटरची आहे आणि गावात ही शंभर किलोमीटरला वीस लिटर सहज पिते.

जाहिरातीत "फक्त व्यापाऱ्यांना किंवा निर्यातीसाठी" असं लिहिलेलं असेल तर पान उलटा. डीलरला ग्राहकाशी असलेली दोषांची कायदेशीर जबाबदारी टाळायची असते, त्याची ही पळवाट. खासगी विक्रेता तर करारात ती जबाबदारी सरळ नाकारू शकतो. तेव्हा सह्या करण्याआधी एडीएसी (जर्मनीतला मोटारमालकांचा क्लब) किंवा ट्यूफ (गाड्या तपासणारी संस्था) यांच्याकडून वापरलेल्या गाडीची तपासणी स्वतःच्या पैशाने करून घ्या.

घ्यावी का? वर्षानुवर्षांच्या बिलांची जाड फाइल, कोरडी डिकी, आणि गाडीच्या किमतीखेरीज दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली चांगली रक्कम, हे तिन्ही असेल तर घ्या. ही टूरिंग २००७ ते २०१० एवढीच निघाली, हजाराच्या थोड्या वर. चांगली मिळाली तर मुलं, सायकली आणि दहा सिलिंडर एकाच गाडीत. पण रोज शाळेत सोडायला घरात ही एकच गाडी असणार असेल तर मी घेणार नाही. एक सुटा भाग येईपर्यंत मुलं बसने जातील.

भारतात नेण्याचा विचार मात्र सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी तिथे आयात करता येत नाही, आणि स्टिअरिंगही उजवीकडे लागतं. तुम्ही बघितलेलीचं डावीकडे असणार.