हेडलाइटच्या काचा पिवळट-धुरकट झाल्या आहेत. टूथपेस्टने घरच्या घरी साफ होतील का?

तुम्ही लिहिलंय की गाडी नऊ वर्षांची आहे, दोन्ही हेडलाइट वरच्या बाजूने पिवळे पडलेत, रात्री रस्ता धड दिसत नाही. गॅरेजवाला म्हणतो अख्खे हेडलाइट बदला, मित्र म्हणतो टूथपेस्ट चोळ. दोघांनीही तुम्हाला अर्धंच सांगितलंय.

टूथपेस्टने साफ होतील. फोटो काढण्याइतके नक्की होतील. मग काही आठवड्यांत पुन्हा तेच. का, ते सांगतो, पण त्याआधी एक मग पाणी घेऊन गाडीपाशी जा.

ते पाणी हेडलाइटवर ओता आणि नीट बघा. ओली असेपर्यंत काच बऱ्यापैकी आरपार दिसली आणि वाळल्यावर परत पांढुरकी झाली, तर काम तुमच्या हातातलं आहे. बिघाड वरवरचा आहे. पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे आणि खड्डे पाण्याने तात्पुरते भरले, म्हणून प्रकाश इकडेतिकडे न फाकता सरळ गेला, एवढंच घडलं. थोडी पिवळी झाक ओलीतही राहील, तिची काळजी नको, ती घासल्यावर निघते. पण ओली असतानाही काच धुरकटच राहिली, तर दोष आत आहे: आत वाफ धरत असेल, मागच्या रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा उडाला असेल, किंवा प्लास्टिकच्या पोटातच केसासारख्या भेगा गेल्या असतील. मग बाहेरून कितीही घासा, हात दुखण्यापलीकडे काही मिळणार नाही. तिथे गॅरेजवाल्याचं ऐका.

आता ‘काच’ या शब्दाबद्दल. पूर्वी ती खरोखर काच असायची. अमेरिकेत तर काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट मिळून एकच सीलबंद दिवा लावायची सक्ती होती. तिथला नियम 1983 साली सैल झाला आणि 1984च्या लिंकन मार्क सेव्हनवर बदलता येणाऱ्या बल्बचे, प्लास्टिकच्या पुढ्याचे दिवे आले. आज जवळजवळ सगळ्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं. दंगलीच्या वेळी पोलिसांच्या हातात ज्या पारदर्शक ढाली दिसतात, त्याही बहुतेक याच प्लास्टिकच्या. दगड लागला तरी फुटत नाही, वजनाला हलकं, हवा तसा आकार देता येतो. पण दोन खोडी आहेत: पटकन ओरखडे पडतात आणि उन्हातली अतिनील किरणं त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन, धूळ, वाळू आणि कडक साबण खाऊन तो लेप आधी मरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. तुमचे दिवे वरच्या बाजूनेच पिवळे का, तर ऊन तिथेच सगळ्यात जास्त पडतं.

हा लेप ध्यानात ठेवा, कारण माझी चूक तिथेच झाली होती.

मी पहिल्यांदा टूथपेस्ट लावली. टूथपेस्टमध्ये दातांवरचं कीट घासायला बारीक खर असते, तीच प्लास्टिकवर हलकं पॉलिश करते. बाकी जादू काही नाही. तीन आठवडे बरं दिसलं. मग इरेला पेटून वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर) आणले, दोन्ही दिवे नीट घासले, कंपाउंडने, म्हणजे चमक आणणाऱ्या पॉलिशच्या लेपाने, चमकवले. नवे दिसत होते, शपथेवर सांगतो. चार महिन्यांनी परत धुरकट झाले, आणि या वेळी नुसते वर नाही, तर सगळीकडे सारखे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: आधी लेप फक्त वरच्या पट्ट्यात मेला होता, खालचा शाबूत होता. तो मी माझ्या हाताने खरवडून काढला आणि त्या जागी काहीच लावलं नाही. उघडं प्लास्टिक उन्हात ठेवलं, दुसरं काय होणार?

म्हणून चमक आणणं हे अर्धंच काम. नवा लेप चढवणार नसाल, तर घासायला घेऊच नका.

घासायची पद्धत सांगतो. गाडी सावलीत घ्या, दिवे शाम्पूने धुऊन पुसा. दिव्याच्या कडेने बॉनेट, बंपर आणि पत्र्याच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवा. एका थराने भागत नाही. वॉटर पेपरचा एक फटका चुकून कडेला बसला की टेप फाटतो आणि रंगावर चरा उमटतो. वॉटर पेपर 800, 1000, 1500, 2000 आणि 3000 नंबरचे घ्या; नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. लेप फारच सोलपटून निघत असेल तर सुरुवात 600ने करा, नाहीतर 800 पुरे. पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. पेपर बोटांनी दाबू नका, स्पंजच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा उमटतात आणि त्या दिवा लावल्यावरच दिसतात.

पहिला पेपर मारायला लागलात की जो लगदा निघेल त्याच्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला तो पिवळसर, थोडा चिकट येतो. तो मेलेला लेप. मधूनमधून पाणी मारा, पुसा, बघा. लेपाच्या कडा नकाशातल्या बेटांसारख्या दिसतील. घासता घासता बेटं लहान होत जातात. ती पूर्ण गेली आणि लगदा दुधासारखा पांढरा यायला लागला, की खालच्या स्वच्छ प्लास्टिकपर्यंत पोचलात. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. बेट शिल्लक ठेवून पुढच्या पेपरवर गेलात तर ते शेवटपर्यंत डाग म्हणून राहतं.

या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो. पूर्ण पांढरा, बाथरूमच्या खिडकीला असते तशा काचेसारखा. माझी मुलगी बघून म्हणाली, “बाबा, तू तो बिघडवलास ना?” मलाही तसंच वाटत होतं. थांबू नका.

पुढच्या प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला. 800 आडवा मारला असेल तर 1000 उभा, 1500 परत आडवा. कारण सरळ आहे: उभ्या घासण्यात आडवी रेघ दिसली तर ती आधीच्या पेपरची, ती जाईपर्यंत पुढे सरकायचं नाही. गोल गोल घासलं तर कुठली रेघ कुठल्या पेपरची, हे कळायला मार्गच राहत नाही. पेपर बदलताना पाणीही बदला, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण बारीक पेपरखाली येऊन सगळ्यावर पाणी फिरवतो.

कुठपर्यंत घासायचं, हे कुठला लेप लावणार त्यावर ठरतं, आणि हीच गोष्ट व्हिडिओवाले सहसा गाळतात. स्प्रेचा क्लिअर कोट, म्हणजे रंगासारखा फवारायचा पारदर्शक लेप, मारणार असाल, तर 1000च्या आसपास थांबा, पॉलिश करू नका. कोटला धरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो आणि उरलेले ओरखडे तो स्वतःच भरून काढतो. ती मगभर पाण्याची गंमतच, फक्त कायमची. 3000पर्यंत घासून, आरशासारखं चमकवून वर स्प्रे मारला की काही महिन्यांत सालपट निघतं. कापडाने पुसून लावायचा लेप, फिल्म किंवा वॅक्स लावणार असाल, तर मात्र 3000पर्यंत जा आणि मग पॉलिशिंग कंपाउंड मारा. कंपाउंडसाठी ड्रिल मशीनला फोमचं पॅड लावलंत तर स्पीड कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट 147 अंश सेल्सिअसच्या सुमाराला मऊ पडतं, आणि घर्षणाने एका ठिपक्यावर तेवढी उष्णता यायला फार वेळ लागत नाही. तसा डाग पडला तर पुन्हा 800पासून सुरुवात.

आता लेप. सगळ्यात टिकाऊ म्हणजे अतिनील किरणं अडवणारा, हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर कोट. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि ते फुप्फुसांना फार वाईट. त्यासाठीचा योग्य रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा असेल तरच हात लावा. नाकाला रुमाल बांधून तो मारू नका. माझ्याकडे हे सगळं नव्हतं, म्हणून मी हेडलाइटसाठीच मिळणारा, कापडाने पुसून लावायचा लेप वापरला. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसली, वाळू दिली, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने, एका हातात. परत मागे जायचं नाही. मी डावीकडे एक जागा राहिली म्हणून मागे गेलो आणि तिथे ओघळ आला. तो अजून आहे. रात्री दिसत नाही, पण गाडी धुताना माझं बोट दर वेळी तिथेच जातं. लेप लावल्यावर निदान एक दिवस पाणी, दव, धूळ लागू देऊ नका. डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा.

हे दोन्ही नको असेल तर अतिनील किरणं अडवणारी पारदर्शक फिल्म चिकटवता येते. फार गोलाईच्या दिव्यावर सुरकुत्या पडतात, बाकी उत्तम. निव्वळ वॅक्सही चालतं, पण ते महिना-दीड महिन्याने पुन्हा लावावं लागतं, आणि आपण कोणीच ते लावत नाही.

काही नुसखे तुमच्यापर्यंत पोचलेच असतील. डासांचा स्प्रे: त्यातलं डीट हे डास पळवणारं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चमकतं, बंपरच्या रंगावर ओघळलं तर तोही खराब होतो. डब्ल्यूडी-40, तो गंजलेले स्क्रू सोडवायचा तेलकट स्प्रे: ओरखड्यांत तेल भरतं, पाणी ओतण्याचाच प्रकार, जरा जास्त टिकणारा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन: दिव्याच्या जवळपाससुद्धा आणू नका, प्लास्टिकला जाळीदार भेगा पडतात. आणि तो तापवायचा कप, ज्याच्या नळीतून निघणारी वाफ मारली की दिवा क्षणात लख्ख होतो. त्यात डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक असतं. वाफेने वरचा थर वितळून सपाट होतो, दिसतं झकास. पण ती वाफ विषारी, आणि प्लास्टिकला पुढे तडे जाण्याची भीती राहते. शिवाय लेप नाहीच. जास्त वॉटचा बल्ब हाही उपाय नव्हे. धुरकट काचेतून जास्त प्रकाश सोडला की तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो, आणि होल्डर तापतो तो वेगळा.

नव्याइतका उजेड येईल का? नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने 2018 साली चाचण्या केल्या होत्या. खराब काचांतून नव्याच्या जेमतेम 20 टक्के उजेड येत होता, घासून-पॉलिश केल्यावर तो सुमारे 70 टक्क्यांवर गेला. कंपनीचे नवे दिवे बसवले तरच पूर्ण उजेड. रात्री अंधाऱ्या रस्त्यांवर रोज गाडी चालवत असाल तर हा फरक मोजूनच ठरवा. तशा वेळी गॅरेजवाल्याचा सल्ला महाग असला तरी चुकीचा नाही.

दोन्ही दिव्यांना मिळून मला तीन तास लागले, लेप वाळायचा वेळ सोडून. एकेक दिवा पूर्ण करा, दोन्ही एकदम उघडे करू नका. एक झाला की संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही लावून बघा. झालेल्या बाजूला उजेडाची वरची कड रेषेसारखी स्पष्ट दिसेल, न झालेल्या बाजूला पिवळट ढग. ती रेषा फार वर जात असेल तर बॉनेटच्या आतला अ‍ॅडजस्टिंग स्क्रू फिरवून खाली आणा. काच धुरकट असताना दिवा चुकीचा लागलेला असला तरी कळत नाही.