सुईविना भोकं बुजवताना

प्रश्न : काळ्या होजिअरीच्या टी-शर्टला पोटापाशी दोन-तीन बारीक भोकं पडली आहेत. सुईदोरा मला जमत नाही. फेव्हिक्विकने चिकटवलं तर चालेल का? – गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फेव्हिक्विक मुळीच नको. सुती कापडावर पडताच ते इतक्या झपाट्याने आळतं की धूर निघतो, बोट भाजतं. वाळल्यावर कडक ठिपका उरतो आणि त्याच्या कडेनेच कापड पुन्हा फाटतं. पांढरा फेव्हिकॉल तर धुण्यात सुटतो.

तुमचं काम फ्युजिंगने होईल. शिंपी कॉलरला आतून इस्त्रीने चिकटवतात तेच, पण कॉलरचं जाड नको. मारुती रोडला टेलरिंग मटेरियलच्या दुकानात पातळ, ताणलं जाणारं काळं फ्युजिंग मागा. उजेडात तिरकं धरलं की एका बाजूला डिंकाचे ठिपके चमकतात, बोटाला खरखरीत लागतात. ती बाजू कापडाकडे.

टी-शर्ट आधी धुऊन पूर्ण वाळवा. कम्फर्टसारखं काही घालू नका, त्याच्या थरावर डिंक धरत नाही. मग उलटा करून खाली बटर पेपर ठेवा. भोकाच्या कडा बोटांनी एकमेकींना अगदी भिडवा. सगळं यश इथेच आहे. फट राहिली तर डिंक पलीकडे उतरतो आणि सुलट बाजूला चकचकीत डाग दिसतो. भोकापेक्षा चहूकडून 1 सेंमी मोठा, गोल तुकडा वर ठेवा. कोपरे असले तर तिथूनच सुटतो. त्यावर पुन्हा बटर पेपर. इस्त्रीची चकती दोन ठिपक्यांच्या खुणेवर, म्हणजे मध्यम गरम, वाफ बंद. 10 सेकंद दाबून धरा आणि उचला. घासू नका, भोक सरकेल. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका, कारण डिंक गार होतानाच पकडतो. पहिली धुलाई 24 तासांनी, उलटा करून, गार पाण्यात.

भोक वाटाण्यापेक्षा मोठं असेल तर हा उपाय दिसायला बरा नाही. आणि भोकं पोटापाशीच पडतात, त्याचं कारण बहुतेकदा ओट्याची कड आणि जीन्सचं बटण. ॲप्रन बांधत जा.

प्रश्न : नायलॉनचा रेनकोट बाभळीच्या काट्याला अडकून दोन इंच फाटला. इथल्या पावसात तो टिकेल असं काही सांगा. – वाचक, मेढा, जि. सातारा

उत्तर : इस्त्री लावू नका, नायलॉन आकसतं, आतला लेपही बिघडतो. तंबू-रेनकोटसाठी मिळणारी चिकट नायलॉन पट्टी आणा. दोन्ही बाजू स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. घामाचा तेलकटपणा राहिला तर पट्टी पहिल्याच पावसात सुटते. फाट जुळवून सपाट करा, पट्टी चहूकडून 2 सेंमी जास्त ठेवा, कोपरे गोल कापा. आतून एक, बाहेरून एक. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घोटा आणि दिवसभर तसंच राहू द्या. पंक्चरचं सोल्युशन इथे कामाचं नाही. रेनकोट प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा असेल, तर त्याच जातीचा तुकडा पीव्हीसीच्या सोल्युशनने बसवावा लागतो.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या पँटचा गुडघा असाच चिकटवता येईल? – पालक, मिरज

उत्तर : आठवडाभर टिकेल. गुडघा वाकला की तुकड्याची कड उचलली जाते. रफूवाल्याकडे द्या.