वादळ किनाऱ्याला समांतर चालतं तेव्हा

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त जहाज-कप्तानाची उत्तरं

मागच्या अंकात चक्रीवादळांच्या नकाशांबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच माझ्या हातात ठेवला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. पाच प्रश्न निवडलेत. त्यांतल्या दोघातिघांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक फसतात ते तिथेच.

प्रश्न : नकाशावर वादळाच्या पुढे पसरत जाणारा शंकूसारखा पट्टा दाखवतात. आमचं घर त्या पट्ट्याच्या बाहेर होतं म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. रात्री पत्रे उडाले, झाडं पडली. अंदाज चुकला का?

अंदाज बरोबरच असणार. तुम्ही त्या पट्ट्याला भलताच प्रश्न विचारलात. वादळाचं केंद्र कुठे असेल, एवढंच तो सांगतो. वादळ केवढं आहे हे त्यात नसतंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा (तिथली चक्रीवादळांवर लक्ष ठेवणारी संस्था) पट्टा मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून आखतात, आणि त्यांचा हिशोब असा, की साधारण तीनातल्या दोन वेळा वादळाचं केंद्र पट्ट्यात राहील. म्हणजे तिसऱ्या वेळी केंद्रसुद्धा बाहेर जाऊ शकतं. वारा, पाऊस आणि समुद्राचं उधाण तर केंद्रापासून शेकडो किलोमीटर पोचतं.

जहाजावर आम्ही उलटा हिशोब करायचो. 34 नॉटचा (ताशी साधारण 63 किलोमीटरचा) वारा केंद्रापासून जिथवर पोचतो ते वर्तुळ आधी काढायचं. मग 24 तासांनंतरच्या जागेभोवती त्या वर्तुळाच्या बाहेर आणखी 100 सागरी मैल (साधारण 185 किलोमीटर), 48 तासांनंतर 200, 72 तासांनंतर 300. खलाशांच्या भाषेत हा ‘एक-दोन-तीन’चा नियम. एवढ्या जागेत जहाज न्यायचं नाही. आजचे अंदाज त्या काळापेक्षा पुष्कळ नेमके झालेत, तरी नियमातला विचार शाबूत आहे : आधी वादळाचा घेर, त्यावर अंदाजातली चूक. तुमच्या नकाशात फक्त चूक दाखवली होती, घेर तुम्ही मनानेच शून्य धरलात.

प्रश्न : वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. सकाळी सांगितलं अमुक ठिकाणी धडकणार, दुपारी सांगितलं दीडशे किलोमीटर पलीकडे. एवढा फरक कसा पडतो? यांना नक्की काही कळतं का?

कळतं. पण इथे भूमिती आडवी येते. कागद-पेन्सिल घ्या. एक सरळ रेघ ओढा, हा किनारा. केंद्र त्यापासून 100 किलोमीटर आत समुद्रात ठेवा. वादळ किनाऱ्यावर काटकोनात चालून आलं आणि त्याची दिशा 10 अंशांनी बदलली, तर धडकायची जागा जेमतेम 18 किलोमीटर सरकते. आता तेच वादळ किनाऱ्याशी 15 अंशांचा कोन करून तिरपं चालू द्या. ते साधारण 373 किलोमीटर पुढे जाऊन किनाऱ्याला लागेल. दिशा तेवढ्याच 10 अंशांनी बदला, म्हणजे कोन 25 अंश करा. आता ते 214 किलोमीटरवरच लागतं. बदल तोच 10 अंशांचा, जागा मात्र 160 किलोमीटर अलीकडे आली. अंदाज वर्तवणाऱ्याच्या हाताची चूक तेवढीच आहे, किनारा तिला मोठी करून दाखवतो.

याचं अगदी ढळढळीत उदाहरण म्हणजे 13 ऑगस्ट 2004 चं ‘चार्ली’. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ समांतर येत होतं. नकाशातल्या पट्ट्याची मधली रेघ, म्हणजे केंद्राचा अंदाजे मार्ग, टॅम्पाच्या उपसागराकडे होती, त्यामुळे सगळ्यांचे डोळे टॅम्पावर. वादळ थोडं लवकर उजवीकडे वळलं आणि शंभराहून जास्त किलोमीटर अलीकडे, पुंता गोर्डा भागात शिरलं. त्या भागाला इशारा दिलेला होता, शंकूच्या पट्ट्यातही तो होता. लोक रेघ बघत बसले होते. आपल्याकडचं 2021 चं ‘तौक्ते’ पश्चिम किनाऱ्याला घासत वर गेलं आणि 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात, दीव-उना भागात जमिनीवर आलं. मुंबईला ते ‘धडकलं’ नाही, आणि तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

म्हणून माझा सल्ला असा : रेघ कुठे टेकते ते बघू नका, ती किनाऱ्याशी किती अंशांचा कोन करते ते बघा. कोन जितका बारीक, तितका किनाऱ्याचा लांब पट्टा ‘आपला नंबर लागू शकतो’ असं धरून चालला पाहिजे. आणि प्रत्येक बातमीपत्रातलं केंद्राचं अक्षांश-रेखांश स्वतः वहीत उतरवा. तीन-चार ठिपके झाले, की वादळ रेघेच्या डावीकडे सरकतंय की उजवीकडे, हे तुमचं तुम्हालाच दिसू लागतं. ठिपके सतत किनाऱ्याकडच्या बाजूला पडत असतील, तर पुढच्या बातमीपत्राची वाट न बघता सामान आवरायला घ्या. एखादा ठिपका भरकटला तर मात्र घाबरू नका. केंद्र चालताना थोडं झोकांड्या खातंच.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये हवेचा दाब दिसतो. वादळाच्या बातम्या सुरू असताना सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तो तीन हेक्टोपास्कल उतरला. मी घरच्यांना घाबरवून सोडलं. बरोबर केलं का?

तुमच्या जागी मीही होतो, फक्त माझ्यासमोर फोनऐवजी पितळी बॅरोमीटर होता. कॅडेट म्हणून पहिल्याच सफरीत दुपारच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) मी काचेवर टिचकी मारली, काटा खाली सरकलेला बघितला आणि धावत कप्तानांकडे गेलो. ते चहा पीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “काल चार वाजता किती होता?” मला माहीत नव्हतं. “मग जा, लॉगबुक बघ.” काल चार वाजता काटा अगदी तिथेच होता.

विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. तुमचे ते तीन हेक्टोपास्कल म्हणजे नुसती दुपार होती. तुलना करायची ती कालच्या त्याच वेळेशी, आणि त्या महिन्याच्या सरासरीशी. हा रोजचा चढउतार वजा करूनही दाब सरासरीपेक्षा 3 हेक्टोपास्कल कमी असेल, तर खलाशी कान टवकारतो. 5 ने कमी असेल, तर आसपास वादळ आहे यात फारशी शंका उरत नाही. आणखी एक खूण मला आकड्यांहून जास्त पटते : दहा वाजता दाब चढायला हवा आणि तो चढतच नाही. रोजचा ताल मोडला, की समजा काहीतरी मोठं जवळ आलंय.

फोनबद्दल एक गोष्ट. लिफ्टने वर गेलात तर दाब साधारण दर आठ मीटरला एक हेक्टोपास्कल उतरतो. फोन एकाच टेबलावर ठेवून वाचा. नाहीतर तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर तुम्ही परत घरच्यांना घाबरवाल.

प्रश्न : वादळ येणार म्हणून सांगितलं होतं, पण प्रत्यक्षात समुद्र मागे हटला. लोक उघड्या पडलेल्या चिखलात उतरून फोटो काढत होते. असं कसं?

10 सप्टेंबर 2017 ला ‘इर्मा’ चक्रीवादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या उपसागरात हेच झालं. पाणी एवढं ओसरलं, की लोक तळावर चालत गेले. ते पाणी परत येतं.

उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी 1857 मध्ये मांडलेला हा नियम आम्ही आजही पहिल्या वर्षाच्या पोरांकडून घोकून घेतो. आता वादळ किनाऱ्याला समांतर चाललंय आणि जमीन त्याच्या उजव्या हाताला आहे असं धरा. केंद्र अजून मागे असताना तुमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बाहेर ढकलतो. केंद्र तुमच्या समोरून पुढे सरकलं, की वारा फिरत फिरत समुद्राकडून यायला लागतो, आणि पाणी तेव्हा आत येतं. जमीन डाव्या हाताला असेल तर क्रम उलटा : पाणी आधी चढतं, केंद्र पुढे गेल्यावर ओसरतं. त्यात भरतीची वेळ, उथळ तळ, निमुळती खाडी यांची भर पडते. दक्षिण गोलार्धात डावं-उजवं सगळं बदलून वाचा.

म्हणजे उजव्या हाताच्या किनाऱ्यावर ‘वादळ पुढे गेलं, सुटलो’ असं वाटण्याचा क्षण सर्वांत वाईट. वाऱ्याच्या दिशेची नोंद दर तासाला करा. पूर्वेचा वारा आग्नेयेचा, मग दक्षिणेचा होत गेला, तर तुम्ही वादळाच्या उजव्या बाजूला आहात. पूर्वेचा ईशान्येचा, मग उत्तरेचा झाला तर डाव्या. दिशा जागची हलत नाही, जोर वाढतोय आणि दाब कोसळतोय, तर केंद्र सरळ तुमच्याच अंगावर येतंय. अशा वेळी मध्येच एकदम सामसूम झाली तर दार उघडू नका. तो डोळा असतो, आणि त्यानंतरचा वारा बरोबर विरुद्ध बाजूने येतो.

त्या चिखलात फोटो काढणाऱ्यांना कुणीतरी हाका मारून बोलावलं असेल, अशी आशा आहे.

प्रश्न : एका ॲपवर दहा दिवस आधीच आमच्या किनाऱ्यावर प्रचंड वादळ दाखवत होते. दुसऱ्या दिवशी ते गायब. मग बघायचं तरी कशाला?

दहा दिवस आधी बघूच नका. वादळाचं केंद्रच तयार झालेलं नसतं तेव्हा संगणकाला सुरुवात कुठून करायची हेच धड माहीत नसतं, म्हणून प्रत्येक फेरीत चित्र वेगळं येतं. हवामान अंदाजाचं युरोपीय केंद्र एकाच वेळी थोड्याथोड्या फरकाने 50 वेगळ्या सुरुवाती करून बघतं. त्या पन्नासांतल्या दोघांनी वादळ दाखवलं, की त्यातलं एक चित्र उचलून कुणीतरी सगळीकडे पाठवतं.

वादळाचं केंद्र ठरलं, की मग हवामान खात्याचं बातमीपत्र धरा. तेव्हासुद्धा नकाशाच्या कोपऱ्यातली वेळ आधी वाचा. ती बहुधा जागतिक वेळ असते. 12 लिहिलं असेल तर भारतात संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळच्या निरीक्षणांवरून काढलेलं चित्र तुमच्या हातात पडेपर्यंत आणखी काही तास गेलेले असतात. रात्री अकराला तुम्ही ‘ताजा’ नकाशा उघडता, तेव्हा वादळ त्यातल्या पहिल्या ठिपक्यापासून सहज शंभर किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून वहीत ठिपक्याशेजारी तास लिहा, नुसती तारीख नको.