होस्टेलवर राहून चांगल्या सवयी लावायच्या आहेत, मोबाइलचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण तुम्ही ज्या पद्धतीने करताय तसा नाही. सवयींची नोंद ठेवणारी तीन अ‍ॅप्स टाकली आणि आठवड्याभरात तिन्ही काढली असं लिहिलंय तुम्ही. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझीही हीच गत होती.

पाणी, झोप, चालणं, सगळं मी एका अ‍ॅपमध्ये भरायचो. नोंद केली की त्या दिवसावर हिरवी खूण यायची आणि सलग किती दिवस झाले तो आकडा दिसायचा. तो ४१ पर्यंत गेला. मग सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवता उतरवता बारा वाजून गेले, नोंद राहिली आणि सकाळी बघतो तर आकडा शून्य! इतका वैतागलो की पुढचे दोन महिने चालायलाच गेलो नाही.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. ९६ जण, त्यातले बरेचसे विद्यार्थी, आणि १२ आठवडे. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं पळणं अशी एकच साधी सवय प्रत्येकाने निवडायची. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाजी हिशेब अभ्यासाच्या १२ आठवड्यांपलीकडे, २५४ वर गेला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे माझी सवय शाबूत होती, शून्यावर आलं होतं ते अ‍ॅप.

रोजच्या दहा हजार पावलांचंही फार मनावर घेऊ नका. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून रूढ झाला. माझा रूममेट तर पलंगावर लोळत फोन हलवून पावलं भरायचा.

आमच्यासाठी चाललं ते साधं व्हॉट्सअ‍ॅप. चौघांचा ग्रुप. मेसचा नाश्ता नऊला बंद व्हायचा, त्याआधी आपल्या ताटलीचा फोटो टाकायचा. जुना फोटो चालणार नाही. चुकला त्याने संध्याकाळी टपरीवर चौघांचा चहा पाजायचा, की हिशेब मिटला. दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. नऊच्या आत पोहे हवेत म्हणून झोपायची वेळ आपोआप अलीकडे आली. झोपेसाठी वेगळं काही करावंच लागलं नाही.

एक सेटिंग मात्र जरूर करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये बेडटाइम मोड असतो, त्यात ठरलेल्या वेळी स्क्रीन करडी होते. करड्या रंगात रील्स बघून पाहा, दहा मिनिटांत कंटाळा येतो. आणि फोन उशाशी न ठेवता दाराजवळच्या प्लगला लावा, म्हणजे अलार्म बंद करायला उठावंच लागेल. (पहिल्या आठवड्यात रूममेटच्या शिव्या खाल.)

मात्र काळजीने झोपच लागत नसेल, तर अ‍ॅप शोधत बसू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.