छापील कामाचा पोर्टफोलिओ: हात कागदापर्यंत पोचू दे

प्रश्न: अण्णा, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. सात वर्षं एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. मराठी, तेलुगू आणि कन्नड लग्नपत्रिका, टॉवेलच्या खोक्यांवरची लेबलं, युनिफॉर्मवाल्यांचे कॅटलॉग, शेंगा चटणीची पाकिटं असं सगळं केलंय. पुढच्या महिन्यात पुण्यात एका पॅकेजिंग डिझाइनच्या ऑफिसात मुलाखत आहे. 'छापील काम घेऊन या' असा निरोप आहे. माझ्याकडं दोन पिशव्या भरून नमुने आहेत. प्लॅस्टिकच्या पाकिटांचा तयार अल्बम घ्यावा की बायंडरकडून वही बांधून घ्यावी? वरून सोलापुरी चादर लावावी असं भाऊ म्हणतो. आणि तेलुगू-कन्नड पत्रिका ठेवू का? पुण्यात त्या कोण वाचणार?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणतो.

त्यांनी 'छापील' काम मागितलंय, हे आधी नीट ध्यानात घे. नुसतं डिझाइन बघायचं असतं तर पीडीएफ मागवली असती. त्यांना कागद हातात घ्यायचाय. घडीवर शाई तडकलीय का, चारी रंग एकमेकांवर बरोबर बसलेत का, फॉइलची, म्हणजे सोनेरी-चंदेरी चमकीची, कड स्वच्छ आहे का, एम्बॉसचा उठाव बोटाला लागतो का, हे बघायचंय. त्यातलं निम्मं डोळ्यांना दिसतं आणि निम्मं बोटांना कळतं. म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटांचा अल्बम घेऊ नको, हे माझं ठाम मत आहे. पाकिटात घातलं की सगळे कागद सारखेच दिसतात. हँडमेड काय आणि आर्ट पेपर काय, वर एकच चकाकी.

दुसरंही कारण आहे, आणि ते मी नुकसान सोसून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात असाच एक अल्बम घेऊन मी पुण्याला एका कंपनीत गेलो होतो. आदल्या दिवशी तो घरी पत्र्याखाली पडून होता. समोरच्या गृहस्थांनी एक लेझर प्रिंट जरा जवळून बघायला मागितली. मी ती पाकिटातून ओढली, तर शीर्षकातली तीन अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून राहिली आणि कागदावर नुसता करडा डाग उरला. त्यांनी काही म्हटलं नाही, पान उलटलं. ते काम मला मिळालं नाही. तशी पाकिटं बहुतेक पीव्हीसीची असतात. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते उन्हाळ्यात बाहेर येतं आणि लेझर प्रिंटच्या टोनरला पकडतं. ओळखायला सोपं आहे: नव्या रेनकोटसारखा वास आला की ते पीव्हीसी. एखादा नाजूक जुना नमुना पाकिटात ठेवावाच लागला, तर पॉलिप्रॉपिलीनचं, बिनवासाचं पाकीट शोध.

पक्की शिवलेली वहीही तुझ्या कामाची नाही. आज पॅकेजिंगवाल्यांना दाखवायचंय, उद्या एखाद्या प्रकाशकाला. दर वेळी पानं बदलतील, शिवलेल्या वहीत ती बदलता येत नाहीत. तू पितळी स्क्रूची बांधणी करून घे. पूर्वी बँकांत सुट्या पानांची लेजरं असायची, तशी. वरखाली दोन पुठ्ठे, कण्याच्या, म्हणजे बांधणीच्या, बाजूला भोकं, त्यातून दोन किंवा तीन स्क्रू. पान काढायला पेचकस पुरतो. वही जाड झाली की स्क्रूला जोडतुकडा लावून लांबी वाढवता येते.

आता आकार. ए-थ्री आडवी वही उघडली की 84 सेंटिमीटर पसरते. मुलाखतीच्या टेबलावर लॅपटॉप असतो, चहाचे कप असतात, तेवढी जागा कुणी देत नाही. माझी पसंती 11 बाय 14 इंची उभ्या पानाला. उघडल्यावर 22 इंच, आणि तुझ्या लग्नपत्रिका व लेबलं आरामात बसतात. मात्र कण्याकडं दीड इंच जास्त धरूनच पान काप, कारण तेवढा भाग स्क्रूखाली जातो. त्या दीड इंचावर क्रीज, म्हणजे दाबून घडीची रेघ, मारून घे, म्हणजे पान सपाट उलटतं.

पानाला 200 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, चकाकी नसलेला, आम्लमुक्त कागद घे. रंग पांढरा किंवा किंचित मळकट पांढरा. काळी पानं रुबाबदार दिसतात हे खरं, पण त्यांच्यावर तुझी फिकट पिवळी लेबलं आहेत त्याहून उजळ भासतात आणि रंगाचा अंदाज चुकतो. कापण्याआधी कागदाची धार, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघ. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा; ज्या दिशेनं तो मुकाट्यानं वाकतो, त्या घडीला समांतर धार असते. धार कण्याला समांतर आली पाहिजे. उलटी गेली तर पान ताठ उभं राहतं, क्रीजवर फुटतं, आणि पावसाळ्यात वहीला बाक येतो. ही गोष्ट बायंडरला तोंडानं सांग. घाईत चांगला बायंडरही ताव वाचवायला उलटा कापतो.

वही फुगू नये याची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची. 300 जीएसएमचं एक घडीचं कार्ड साधारण पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर भरतं. अशी बारा कार्डं लावलीस की वहीची मोकळी बाजू आठ-नऊ मिलिमीटर जाड होते आणि कणा तेवढाच राहतो. वही तोंड उघडून बसते. उपाय जुनाच आहे. ज्या पानावर कार्ड आहे, त्याच्यामागं त्याच जाडीची दीड इंच रुंद पट्टी कण्यात घालायची, तिलाही तीच भोकं पाडून. बाहेर जेवढी जाडी वाढली तेवढी आतही वाढते. आमच्याकडं जुनी कार्डं कापून अशा पट्ट्यांचा गठ्ठाच तयार असायचा.

नमुने चिकटवू नको. दुतर्फी टेप तर अजिबात नको, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. तिचा गोंद पाघळून कडेनं पिवळी रेघ उमटते आणि नंतर ती काही केल्या जात नाही. पानाला चार तिरप्या खाचा दे आणि कार्डाचे कोपरे त्यात खोच. खाच कोपऱ्याच्या अगदी टोकाशी दे, पाव इंचाहून लांब नको. समोरच्यानं 'काढून बघू का?' असं विचारलं पाहिजे, आणि तू 'बघा की' म्हणत ते काढून त्याच्या हातात दिलं पाहिजे. मुलाखत वळते ती तिथंच.

तेलुगू-कन्नड पत्रिकांचं तू विचारलंस, त्यावर जरा थांबून बोलतो, कारण तुझी खरी कमाई तीच आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातली पत्रिका तेलुगूत, पाहुणे मराठी, नवरीचं आजोळ अक्कलकोटकडचं कन्नड. एकाच कार्डावर तीन लिप्या मांडणं आपल्या गावात रोजचं आहे. बाहेरच्या डिझायनरला त्याचा घाम फुटतो. देवनागरी शिरोरेषेला लटकते. तेलुगू-कन्नडला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, म्हणजे तेलुगूतले वत्तु आणि कन्नडमधली ओत्तक्षरं, ओळीच्या खाली उतरतात. मराठीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. तिन्ही लिप्या एकाच पॉइंटमध्ये लावल्या तर एक लहान दिसते, एक मोठी, आणि ओळींची टोकं एकमेकांत अडकतात. तू प्रत्येक लिपीचा आकार डोळ्यानं वेगळा ठरवला असशील, ओळींतलं अंतर सोडवलं असशील. पॅकेजिंगवाल्यांना रोज हेच लागतं, कारण एकाच पाकिटावर तीन-तीन भाषा असतात.

म्हणून अशा एका पत्रिकेला चार पानं दे. पहिल्यावर पेन्सिलचं कच्चं रेखाटन. दुसऱ्यावर ग्राहकानं लाल पेनानं खुणा केलेलं प्रूफ, चहाच्या डागासकट असलं तरी चालेल. तिसऱ्यावर मजकूर तिन्ही लिप्यांत एकाच पॉइंटमध्ये लावलेला, म्हणजे बिघडलेला. चौथ्यावर छापून आलेलं कार्ड. तिसरं आणि चौथं पान समोरासमोर यायला हवं. तेलुगूचं एक अक्षर न वाचता येणाऱ्यालाही तू काय केलंस ते दिसेल.

एक जबाबदारी मात्र विसरू नको. पत्रिकेवर लोकांची नावं, घराचे पत्ते, फोन नंबर असतात. ज्यांची पत्रिका आहे त्यांना विचार. परवानगी नसेल तर त्याच फॉइलमध्ये, त्याच कागदावर खोट्या नावांच्या दोन प्रती काढून घे. कंपन्यांचं जे काम अजून बाजारात आलेलं नाही, ते तर दाखवायचंच नाही. पॅकेजिंगवाले हे बघतात. दुसऱ्याचं गुपित तू सांभाळतेस का, हे त्यांना कळायला हवं.

दोन पिशव्यांतून बारा कामं निवड, फार तर पंधरा. निवडताना मनात धाकधूक होईल. प्रत्येक कामामागं रात्री गेलेल्या असतात. 'हे बरं आहे, पण...' असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं, ते बाजूला ठेव. सगळ्यात चांगलं काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं. युनिफॉर्मच्या कॅटलॉगची सगळी पानं नकोत; एक जोडपान आणि मुखपृष्ठ पुरे. चटणीचं पाकीट कापून सपाट करून वहीत लाव, आणि तेच भरलेलं वेगळ्या छोट्या खोक्यात ने. टॉवेलच्या खोक्याचंही तसंच: डायनं (खोक्याच्या आकाराच्या पात्यांच्या साच्यानं) कापलेला, न चिकटवलेला एक नग सपाट ठेव. घडीच्या रेघा आणि गोंदाची जागा कुठं सोडलीय, ते त्यांना आधी बघायचं असतं.

प्रत्येक कामाखाली तीन-चार ओळी बारीक अक्षरात: काय आहे, कागद कुठला, किती रंग, ऑफसेट की स्क्रीन, किती प्रती निघाल्या, आणि त्यात तू नक्की काय केलंस. शेवटचं प्रामाणिकपणे लिही. चित्र दुसऱ्यानं काढलं असेल तर तसं लिही. पॅकेजिंगचं वर्तुळ लहान असतं, आणि ते चित्र काढणारा कदाचित तिथंच कामाला असेल.

भावाला सांग, कल्पना मनापासूनची आहे, पण चादर पुठ्ठ्यावर चालत नाही. कापड जाड, कोपऱ्यावर घडी घातली की गाठोडं होतं. शिवाय जॅकार्डची नक्षी मोठी. मयूरपंख चौदा इंचाच्या पुठ्ठ्यावर अर्धवटच येणार. त्याऐवजी पातळ सुती हातमागाचं कापड घे, एकरंगी, दाट विणीचं. ते थेट फेविकॉलनं लावू नको, गोंद वर झिरपून डाग पडतात. आधी कापडाच्या पाठीवर मैद्याच्या खळीनं पातळ कागद चिकटव, रात्रभर वजनाखाली वाळू दे, मग पुठ्ठ्यावर चढव. पुठ्ठ्याला आतूनही कागद लावायचा, नाहीतर तो एका बाजूला वाकतो. नाव आत पहिल्या पानावर असू दे, वर नको.

हुतात्मा एक्सप्रेसनं जाणार असशील तर वही सुती पिशवीत, आडवी, मांडीवर ने. वरच्या फळीवर दुसऱ्याची बॅग येऊन पडते. पोचल्यावर बसायला खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर घे. ट्यूबलाइटखाली लाल रंग मरतो, आणि तुझ्या लेबलांत लाल पुष्कळ आहे असं धरून चालतो.

प्रश्न: माझा पंढरपुरात छोटा छापखाना आहे. पत्रिकांची नमुना-वही ग्राहक हाताळून हाताळून मळवतात. प्लॅस्टिक लावू का? वर तुम्ही नको म्हणता.
एक छापखानेवाले

उत्तर: नको, तुम्हालाही नकोच. प्रत्येक पत्रिकेच्या छपाईतून पाच प्रती बाजूला काढून ठेवा, छपाईच्या दिवशीच. नंतर त्या मिळत नाहीत. एक वहीत खोचा, चार कपाटात, काळ्या कागदात गुंडाळून. मळली की बदलायची. एखादी पत्रिका सहा महिन्यांत एकदाही बदलावी लागली नाही, तर तिला कुणी हात लावत नाही असं समजा आणि वहीतून काढा. कोपऱ्यांवर बोटांचे डाग सगळ्यात जास्त कुठल्या पत्रिकेवर पडतात तेही बघत चला. तिचा कागद लग्नसराईच्या आधी जरा जास्त मागवून ठेवा.